देवघरातला मोडेम

अनालिन : नाही. बंद करून पुन्हा चालू करणार नाही. महिनाभर तेच करतेय मी. त्या मोडेमचं भिंतीवरचं बटण झिजलं आता.

डेक्सटर : आपल्याला होत असलेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, मॅडम. तरी एकदा मोडेम बंद करून, थोडं थांबून…

अनालिन : कुया, दादा, तुमचं नाव काय म्हणालात?

डेक्सटर : डेक्सटर, मॅडम. मनिलाचा मदतकक्ष.

अनालिन : हे बघा कुया डेक्सटर, मी पण दिवसभर फोनवर दिलगिरीच व्यक्त करते. ऑस्ट्रेलियात कुणाचं विजेचं बिल वाढलं की शिव्या मला. त्यामुळे वाचून दाखवलेली दिलगिरी मला लगेच कळते. ती वगळा. मला फक्त एवढंच सांगा, कंपनीच्या व्हीपीएनमधून मी सारखी बाहेर का फेकली जाते?

डेक्सटर : आमच्या नोंदीप्रमाणे आपलं घरचं कनेक्शन कमकुवत आहे.

अनालिन : घरचं? मोडेम कंपनीनं दिलेला. त्यातलं सिमकार्ड कंपनीचं, ते बदलू नये म्हणून कुलूप घातलेलं, तेही कंपनीनंच. व्हीपीएन कंपनीचं. घरचं म्हणाल तर यात माझी फक्त खुर्ची आहे. ती मजबूत आहे.

डेक्सटर : मॅडम, आपण शांतपणे…

अनालिन : माझ्या स्वतःच्या फोनचा टॉवर इथे चॅपलच्या मागे उभा आहे, खिडकीतून दिसतो. तुम्ही पाठवलेल्या सिमचा टॉवर डोंगराच्या पलीकडे. मी लिहून कळवलं, सिम बदलू द्या. उत्तर आलं, नियमात बसत नाही. आणि आता ताकीद मला!

नानाय : इंदाय, पोरी, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय तुझ्या बापाचा.

अनालिन : नानाय, तू तिकडे नारळ खव. मी बोलतेय ना.

नानाय : नारळच खवतेय. पण कान काही खवणीवर नाहीत माझे.

डेक्सटर : मॅडम, आपल्या मागे बराच आवाज येतोय. कुणीतरी गातंय का?

अनालिन : आज पवित्र बुधवार आहे, कुया. चॅपलमध्ये प्रभूच्या यातनांचं पारायण बसलंय. लाउडस्पीकर आमच्या बाजूला तोंड करून लावलाय. त्याचीही ताकीद देणार का?

डेक्सटर : नाही, नाही. मी नुसतं विचारलं.

अनालिन : तुम्हाला माहितेय ना आज काय आहे? आज माझी शेवटची संधी आहे. आज शिफ्ट संपायच्या आत पुन्हा कनेक्शन तुटलं, तर इस्टर झाल्यावर सोमवारी मनिलाच्या ऑफिसात हजर व्हायचं. नाही झालं तर राजीनामा.

डेक्सटर : माझ्यासमोर आहे ते पत्र, मॅडम.

अनालिन : पत्रात हे नसेल की माझ्या वडिलांची उजवी बाजू गेलीय. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाणीत न्यायचं, सगळं मी करते. नानायच्या, माझ्या आईच्या, कमरेत जोर नाही. मनिला म्हणजे इथून, अंतिकेहून, बोट, नाहीतर विमान. शनिवारी येऊन सोमवारी परत जावं, इतकं जवळ नाही ते.

नानाय : सांग त्याला, मागच्या वेळी मी एकटीनं धरलं तर दोघंही पडलो आम्ही. पडल्यावर हसत होते तुझे वडील. मला काही हसू आलं नाही.

डेक्सटर : मॅडम… बरं. मोडेमवर दिवे कोणत्या रंगाचे दिसतायत?

अनालिन : बघते. थांबा, खुर्चीवर चढावं लागेल.

डेक्सटर : मोडेम नक्की ठेवलाय कुठे?

अनालिन : खिडकीजवळ.

डेक्सटर : खिडकीजवळ म्हणजे टेबलावर?

अनालिन : टेबलावर नाही.

नानाय : लाजतेस कशाला? देवघरात ठेवलाय, तोतो, पोरा. बाळ येशूच्या डाव्या हाताला. सगळं घर फिरून झालं, न्हाणीसुद्धा सोडली नाही. रेंज फक्त तिथेच सापडली. मी म्हटलं, ठेव बाई, देवाची हरकत नाही.

अनालिन : कुया, दिवे दिसत नाहीयेत.

डेक्सटर : बंद आहेत?

अनालिन : बंद नाहीत. दिसत नाहीत. नानाय! तू मोडेमवरही कपडा घातलास?

नानाय : मग? इस्टरपर्यंत देवघर झाकायचं ते काय अर्धं झाकायचं? बाळ येशू झाकला, त्याची माउली झाकली, क्रूस झाकला. मध्येच हा काय उघडा? सगळीकडे जांभळं नि त्यात याचे हिरवे डोळे मिचमिच मिचमिच. बरं दिसतं का?

अनालिन : आई गं! भाजला हात! इस्त्रीसारखा तापलाय! कधी घातलास?

नानाय : परवाच्या झावळ्यांच्या रविवारी नव्हे, त्याच्या आधीच्या, दहा दिवस झाले. दरवर्षी घालतो तेव्हाच.

अनालिन : आणि मी रोज तुझ्या डोळ्यांदेखत कपाळ बडवून घेतेय!

नानाय : तू कंपनीच्या नावानं बडवत होतीस. मला वाटलं, कंपनीचंच काहीतरी असेल.

डेक्सटर : मॅडम, सापडलं! मोडेम कपड्याखाली तापला आणि बंद पडत राहिला. म्हणजे कारण कळलं. घरी मोडेम झाकून ठेवला. मी तक्रार बंद करतो.

अनालिन : थांबा. काय लिहिणार?

डेक्सटर : घरची चूक.

नानाय : लिही, तोतो. म्हातारीची चूक असं लिही. माझं नाव घाल, प्रिमितिवा. मुलीचं काम राहात असेल तर मी सही करते, अंगठा देते, काय हवं ते देते.

डेक्सटर : तसं नसतं, नानाय. घरची चूक म्हटलं की घर कामाला योग्य नाही असं धरतात. मग मॅडमना मनिलाला जावंच लागेल.

नानाय : आणि घरची चूक नाही असं लिहिलंस तर?

डेक्सटर : तसा रकाना नाही माझ्यापुढे. घरचं कनेक्शन, घरची वीज, कर्मचाऱ्याची चूक. यांतलं एक निवडायचं.

अनालिन : आणि कंपनीची चूक?

डेक्सटर : नाही तसा रकाना.

अनालिन : वा! म्हणजे आमच्या घरावर वीज पडो, नाहीतर तुमच्या मशीनला आग लागो, मनिलाची बोट पकडायची मीच. आणि वर मला विचारता दिव्यांचा रंग!

डेक्सटर : पण मॅडम, रागावू नका, कपडा तर तुमच्याच घरचा होता ना.

अनालिन : होता. कबूल. पण पहिली ताकीद कधी आली मला? वर बघा पत्रात. राखेच्या बुधवारी, दीड महिन्यापूर्वी. मी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आले, लॅपटॉप उघडला, आणि समोर ताकीद. तेव्हा देवघर उघडं होतं. मोडेमला खिडकीतून वारा लागत होता. तेव्हा का तुटत होतं?

डेक्सटर : पत्र पुन्हा उघडतो, मॅडम.

अनालिन : तारीख आहे ना तीच?

डेक्सटर : आहे.

नानाय : कोंबडा ओरडला.

अनालिन : ओरडू दे, नानाय.

नानाय : अगं पण आपल्याकडे कोंबडा कुठे आहे? आणि शेजारचा तर नाताळातच त्यांनी खाल्ला. तो फोनातून ओरडला. मनिलाच्या ऑफिसात कोंबडे पाळतात का, तोतो?

डेक्सटर : ते… बाहेर रस्त्यावर असेल, नानाय. मॅडम, आपण एक चाचणी करू. कपडा काढलाय ना? मोडेमसमोर पंखा लावा. निवला की चालू करा, व्हीपीएनमध्ये जा, आणि दुसऱ्या खिडकीत साधं हवामानाचं पान उघडून ठेवा. व्हीपीएन तुटलं की लगेच ते पान पुन्हा उघडायचं. पान उघडलं नाही, तर दोष मोडेमचा. उघडलं, तर मोडेम ठीक आहे.

अनालिन : हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?

डेक्सटर : आम्हाला दिलेल्या कागदावर हे नाही.

अनालिन : नानाय, बाबांवरचा पंखा थोडा वेळ घेऊ का?

नानाय : त्यांना मी पुठ्ठ्यानं वारा घालते. तो मोडेम काय आजारी आहे म्हणून त्याला पंखा, कुणास ठाऊक. घे.

अनालिन : निवला. लावला. हिरवे झाले सगळे. व्हीपीएन… गेले आत. आत आहे मी, कुया. कामाची यादी दिसतेय.

डेक्सटर : छान. आता नुसतं थांबू, चाचणीत तुटलं तर ते तुमच्या नावावर धरत नाहीत.

नानाय : इंदाय, हे व्हीपीएन म्हणजे काय ते मला एकदा नीट सांग. तू रोज त्यातून पडतेस, आणि मला तर तू खुर्चीवर बसलेलीच दिसतेस.

अनालिन : ऑस्ट्रेलियातल्या लोकांची नावं, पत्ते, बिलं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून कंपनीनं स्वतःची एक झाकलेली वाट केलीय. मोडेम मला रस्त्यावर सोडतो, आणि त्या वाटेच्या दारातून आत गेलं की कंपनी. दारातून बाहेर पडले की कंपनीच्या लेखी मी जागा सोडून फिरायला गेले.

नानाय : आणि दारावर कोण असतं?

अनालिन : कुणी नाही. मशीन असतं. गेलं! कुया, गेलं! फेकलं मला बाहेर! आणि हवामानाचं पान… उघडलं. ढगसुद्धा हलतायत त्यावर. मोडेम थंड आहे, रेंज आहे, पान उघडतंय. आता बोला. आता कुणाच्या घरची चूक?

डेक्सटर : मॅडम, एक मिनिट. माझी स्क्रीन…

अनालिन : काय झालं तुमच्या स्क्रीनला?

डेक्सटर : काही नाही. जरा… तुमची तक्रार दिसत नाहीये मला. मी पुन्हा आत जातो.

अनालिन : आत जाता म्हणजे? तुम्ही तर ऑफिसातच बसलायत ना?

(चॅपलमधलं पारायण ऐकू येतं, आणि पुन्हा एकदा कोंबडा.)

नानाय : प्रभूला पकडून नेलं तेव्हा त्याच्या शिष्याला, पेत्राला विचारलं, तू त्याच्याबरोबर होतास ना? तो म्हणाला, मी ओळखतसुद्धा नाही त्याला. तीनदा म्हणाला, आणि कोंबडा आरवला. आत्ता चॅपलमध्ये तेच गातायत, तोतो. बघ, तुला ऐकू येत असेल.

डेक्सटर : येतंय, नानाय.

नानाय : मग?

डेक्सटर : मी मनिलात नाही. रोहासला आहे. सासऱ्यांच्या घरी, मागच्या पडवीत. कोंबडा सासऱ्यांचा आहे. मनिला सांगा असा हुकूम आहे.

अनालिन : रोहास! म्हणजे आमच्याच बेटावर!

डेक्सटर : हो, आते. आता मॅडम नाही, ताईच म्हणतो. आणि मोडेम पण तोच. कंपनीचा.

अनालिन : आणि आत्ता व्हीपीएनमधून माझ्याबरोबरच तुम्हीही बाहेर फेकले गेलात?

डेक्सटर : एकाच वेळी.

अनालिन : का हो? तुमचंही देवघर झाकलंय का?

डेक्सटर : हसा. हसायचा हक्क आहे तुम्हाला.

अनालिन : मी हसत नाहीये. खरं काय ते सांगा, आत्ताच्या आत्ता.

डेक्सटर : दारात जागा कमी आहेत. नाताळानंतर नवीन व्हीपीएन घेतलं, तेव्हा पैसे वाचवायला जितकी माणसं कामाला आहेत त्यापेक्षा कमी जागा विकत घेतल्या. सगळे एकदम कामावर आले की दार भरतं. मग एक नवा आत आला की एक जुना बाहेर. ज्याची लाइन बारीक, तो आधी. मनिलातल्या जाड लाइनवाल्यांना काही होत नाही. आपण मोडेमवाले पडतो.

नानाय : भरलेल्या जीपनी गाडीसारखं. फळीवर लटकलेला आधी खाली पडतो.

डेक्सटर : तसंच, नानाय.

अनालिन : आणि पडलेल्यालाच पत्र पाठवायचं, तुला नीट लटकता येत नाही म्हणून! तुम्हाला हे कधीपासून माहितेय?

डेक्सटर : सुरुवातीपासून. माझ्या स्क्रीनवर सरळ संदेश येतो, जागा शिल्लक नाही. मी वर कळवलं. ते म्हणाले, तू घरचं कनेक्शन लिही, इस्टरनंतर बघू.

अनालिन : आणि तुम्ही लिहीत राहिलात.

डेक्सटर : लिहीत राहिलो.

अनालिन : किती जणांच्या नावापुढे?

डेक्सटर : नका विचारू.

अनालिन : विचारणार! तुम्ही माझ्याकडून बटण झिजवून घेतलंत! लॅपटॉप पुसून पुन्हा भरायला लावलात, एक अख्खा दिवस माझा बिनपगारी गेला. आणि तुम्हाला ठाऊक होतं! माझा बाप इथे निजलाय, आणि तुम्ही तिथे बसून मला मनिलाच्या बोटीत ढकलत होतात. तू रे! तू स्वतः त्याच मोडेमवर बसलेला!

नानाय : इंदाय.

अनालिन : काय इंदाय! तुला अंगठा द्यायला लावला असता यानं!

डेक्सटर : आते, मी मनिलात दोन वर्षं काढली. अर्धा पलंग भाड्यानं. रात्री मी, दिवसा दुसरा. मी निजायला जायचो तेव्हा उशी त्याच्या घामानं ओली असायची. त्याचा चेहरासुद्धा मी कधी पाहिला नाही. परत तिथे जायचं नव्हतं मला. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही.

अनालिन : माझा वरचा पलंग होता. मनिलातच, कुबाओला. खाली एक बाई असायची, ती झोपेत रडायची.

डेक्सटर : मग तुम्हाला कळतंय.

अनालिन : कळतंय. म्हणूनच जास्त राग येतोय. तो पलंग काय असतो हे ठाऊक असताना तुम्ही मला तिथे पाठवत होतात, स्वतःला जावं लागू नये म्हणून.

डेक्सटर : हो.

नानाय : हो म्हणाला. आता पुढचं बोल, तोतो. हो म्हणून हिचे वडील न्हाणीपर्यंत जात नाहीत.

डेक्सटर : खाली एक "इतर" म्हणून रकाना आहे. तिथे हातानं लिहिता येतं. तो कुणी वापरला की साहेबांचा फोन येतो, म्हणून आम्ही कुणी वापरत नाही.

अनालिन : आज वापरा.

डेक्सटर : वापरतो. मी आत गेलोय पुन्हा. लिहितो आणि वाचून दाखवतो. "आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत…"

अनालिन : दिलगिरी काढा!

डेक्सटर : सवय आहे हो. काढली. "कर्मचाऱ्याचा मोडेम तपासला. व्यवस्थित चालतो."

नानाय : कपड्याचं?

डेक्सटर : "मोडेम काही दिवस कपड्याखाली तापत होता, तो कपडा काढला. त्यानंतरही व्हीपीएन तुटलं, तेव्हा इंटरनेट चालू होतं. व्हीपीएनवर जागा शिल्लक नसल्याचा संदेश आला. या कर्मचाऱ्याची चूक नाही." चालेल?

अनालिन : "या" नको. कुठल्याच कर्मचाऱ्याची म्हणा. आणि फक्त साहेबांना पाठवलंत तर ते कागद दाबून बसतील. यंदा ज्यांच्या ज्यांच्या नावापुढे तुम्ही घरचं कनेक्शन लिहिलंत, त्या सगळ्यांना प्रत पाठवा. त्यांना ताकिदीला उत्तर म्हणून द्यायला काहीतरी हाती असू दे.

डेक्सटर : आते, मग मला साहेबांच्या फोनची वाट बघायची गरजच उरणार नाही. सरळ काढून टाकतील.

अनालिन : टाकतील. कदाचित मलाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही की काही होणार नाही.

नानाय : घरात अजून कोण आहे, तोतो?

डेक्सटर : बायको आहे. तिला सगळं माहितेय. माझ्याशी नीट बोलत नाहीये ती, या कामावरून.

नानाय : मग नोकरी गेली तरी तुझ्या घरातल्या जेवणाची मला काळजी नाही. शहाणी आहे ती.

डेक्सटर : सगळ्यांची नावं घातली. शेवटी माझंही घालतोय. "आज याच वेळी मदतकक्षातला कर्मचारीही बाहेर फेकला गेला, त्याचं नाव डेक्सटर." पाठवतो… अरे! फेकलं! पाठवायच्या आत फेकलं मला!

अनालिन : काय सांगता!

डेक्सटर : थांबा, लिहिलेलं आहे तसंच आहे. पुन्हा जातो आत. दार भरलेलं. भरलेलं. अजून भरलेलं.

अनालिन : मी गेलेय आत. मला मिळाली जागा. कुया, मी बाहेर पडते, तुम्ही या.

डेक्सटर : नको! आते, तुमची आजची शेवटची संधी आहे. चाचणी संपली, आता स्वतःहून बाहेर पडलात तर नोंद होईल!

अनालिन : होऊ दे. तुम्हीच लिहिलंय ना आता, माझी चूक नाही म्हणून. ते पोचलं नाही तर माझ्या आत बसण्याला काय अर्थ आहे? पडले मी. जा.

डेक्सटर : गेलो. आहे. पाठवलं. पोचलं, आते. सगळ्यांना पोचलं.

नानाय : कोंबडा गप्प बसला.

अनालिन : कुया, साहेबांचा फोन आला की मला कळवा. मी बोलेन त्यांच्याशी. मला दिवसभर शिव्या ऐकायची सवय आहे.

डेक्सटर : आला की कळवतो. आला बहुतेक. दुसऱ्या फोनवर नाव दिसतंय त्यांचं.

अनालिन : घ्या. खरं तेच सांगा, आणि दिलगिरी नका व्यक्त करू.

डेक्सटर : नाही करणार. नानाय, मला बऱ्याच दिवसांत कुणी तोतो म्हटलं नव्हतं. देवघरासमोर आहात तर माझ्यासाठी दोन शब्द बोला.

नानाय : बोलले असते, तोतो. पण देव रविवारपर्यंत झाकलेला आहे. तोवर आपलं आपणच बघायचं. घे तो फोन.